गजराची तिसरी पायरी

फार वर्षांपूर्वी, आपल्या काळखडीत पाण्याचा थेंब नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सटवाजी नावाचा एक पाथरवट इथं राहायचा. त्यानं छिन्नी लावली की कातळसुद्धा मऊ पडायचा, असं म्हणतात. घरात तो आणि धाकटी बहीण गजरा, दोघंच. गजराचे पाय लहानपणीच गेले होते. हातांवर जोर देऊन ती बसत बसत सरकायची. पण तिच्या भाकरीला आणि तिच्या जिभेला गावात तोड नव्हती.

सटवाजीनं गावासाठी बारव बांधायला घेतली, म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरायची विहीर. पायरी केवढी घ्यायची ते ठरवायला तो स्वतःच कातळाला लागून उभा राहिला आणि त्यावर गुडघ्याशी खूण केली. दुपारी पाठीला भाकरी बांधून गजरा तिथं आली. ती खूण तिच्या छातीला लागली.

"दादा, पायऱ्या जरा ठेंगण्या घे रं. मी बसत बसत उतरीन."

"तुला कशाला उतराया पायजे? म्या हाय न्हवं! म्या आणून दीन पानी."

"आन् तू नसशील तवा?"

सटवाजी नुसता हसला. त्याचा तिच्यावर फार जीव होता, त्यात खोट नव्हती. पण तिनं मागितलं एक आणि त्यानं मायेनं देऊ केलं दुसरंच. मला आजही वाईट वाटतं ते याचंच.

बारव अशी देखणी झाली की लांबलांबच्या गावांची बोलावणी आली. सटवाजी गेला. गजरा घागर घेऊन काठावर बसू लागली. येणारी-जाणारी कुणीतरी भरून द्यायची, कधी लगेच, तर कधी उन्हं कलली तरी नाही. तिला कुणी वाईट बोललं नाही हो. विसरायचे, एवढंच. हसू नका, ते तुमचेआमचेच पणजे होते.

एका चैत्रात सगळं गाव जत्रेला गेलं. पाच दिवसांनी परतलं तेव्हा वरून तिसऱ्या पायरीवर गजरा बसलेली दिसली. तिथवर ती कशीबशी उतरली होती. पुढं खाली जाता येईना, वर चढता येईना. रिकामी घागर तळाच्या पाण्यात तरंगत होती. पाण्यापासून अठरा पायऱ्यांवर गजरा तहानेनं गेली होती.

सटवाजी आला. त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं, स्वतःचे पाय करकचून बांधले आणि बसूनच कामाला लागला. जुन्या प्रत्येक पायरीवर निम्म्या उंचीची एक नवी पायरी बसवायची, आणि आधी आपण तिच्यावरून सरकून बघायचं. चार गड्यांना न हलणारा दगड त्याच्या मांडीवर भाकरीएवढा हलका व्हायचा, असं म्हणतात. बारा वर्षं तो उभा राहिला नाही. शेवटचा दगड बसला तेव्हा त्यानं वर तोंड करून हाक मारली, "गजरे, ये गं आता!"

तेव्हा तळातलं पाणी चढत चढत तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, घटकाभर तिथं थांबलं आणि पुन्हा खाली गेलं. ती पायरी वैशाखातही ओली असते. मी स्वतः हात लावून पाहिलंय, तुम्हीही बघा.

तेव्हापासून आपल्या गावात घर बांधा, देऊळ बांधा, गवंड्याला आधी पाय बांधून, बसत बसत आत जावं लागतं. तो जिथं अडेल तिथं फोडायचं आणि पुन्हा बांधायचं. परवा ग्रामपंचायतीची नवी कचेरी झाली, तिच्या पायऱ्या दोनदा फोडल्या.

आत पोचला की गवंडी मागं वळून हाक मारतो, "गजरे, ये गं आता!" कुणी येणार नाही हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तरी आपण वाटेकडं बघत थोडा वेळ थांबतो.