पाण्याचा हात

मंडळी, वर चढायच्या आधी एक सांगा. कुऱ्हाड घेऊन रानात आलेल्या व्यापाऱ्यावर विश्वास ठेवाल, की रान आमचं म्हणणाऱ्या गावावर? घाई नाही. चढताना दिलेलं उत्तर बहुतेकांनी उतरताना बदललेलं आहे.

हा ऐनवाडीचा डोंगर. घळीत तो काळा ओंडका आडवा पडलाय ना, कातळासारखा, त्याच्याखालून करंगळीएवढी धार येते, तोच आमचा झरा. आणि वरच्या ऐनांच्या बुंध्यांवर चुन्याचे पंजे दिसतात, त्यांना आम्ही पाण्याचे हात म्हणतो. ते कसे आले, त्याची गोष्ट अशी सांगतात.

फार पूर्वी बंदरावर विसूशेट नावाचा लाकडाचा व्यापारी होता. गलबतं बांधणाऱ्या सुतारांना माल पुरवायचा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण बुंध्यावर बोटाने टकटक केली की आत भरीव की पोकळ ते सांगायचा. व्यवहाराला सरळ. एकदा म्हणे ठरल्यापेक्षा हातभर लांब सोट, म्हणजे सरळ अखंड ओंडका, आला, तर त्याने तो गाडीत घालून विकणाऱ्याकडे डोंगरापर्यंत परत पाठवला. बंदरावरची माणसं हसली. शेट म्हणाला, "हसा. पुढच्या खेपेला तो माणूस मला डोळे मिटून माल देईल." आणि तसंच झालं.

ऐनवाडीचं रान गावाई, म्हणजे सगळ्यांचं. कुणाला त्यातला मध लागे, कुणाला हिरडा, कुणाला गुरांसाठी सावली. म्हणून तोडीआधीची रीत अशी होती, की ज्याला जे झाड उभं हवं, त्याने त्यावर आपला हात उठवायचा. मधवाल्यांचा गेरूचा, हिरडा वेचणाऱ्या बायकांचा हळदीचा, गुराख्यांचा राखेचा. हात असलेल्या झाडाला व्यापाऱ्याने शिवायचं नाही. बिनहाताचं झाड त्याचं. विसूशेट इथे माल घ्यायला आला तेव्हा इतकी स्वच्छ खरेदी आपण उभ्या जन्मात केली नाही, असं त्याला वाटलं.

तोड सुरू झाली. शेट स्वतः प्रत्येक बुंध्याभोवती फिरून पाही. एका बेहड्यावर हळदीचं अर्धंच बोट सापडलं, तर त्याने झाड सोडलं. गावचा प्रमुख सोनजी गावकर थट्टेने म्हणाला, "शेट, पाखरू शिटलं असेल हो."

"मग पाखराचं झाड," शेट म्हणाला, आणि पुढे गेला.

शेवटी उरली झऱ्यावरची ऐनांची राई. सरळसोट, जुनी झाडं. त्यातल्या थोरल्या ऐनात शेटला गलबताचा कणाच दिसला. असं लाकूड आयुष्यात एकदाच मिळतं. तो त्याच्याभोवती दोनदा फिरला. हात नव्हता. शेजारच्यावरही नव्हता. संध्याकाळपर्यंत राई आडवी झाली.

आणि खुंटांतून पाणी वाहू लागलं. ऐनाच्या पोटात पाणी असतं हे रानातल्या माणसांना ठाऊक होतं, पण हे तसं नव्हतं. एकेका खुंटाला धार लागली, म्हणे, आणि घळ काठोकाठ भरून वाहिली. गाव धावत आलं. बायकांनी हंडे भरले, पोरं न्हाली. सोनजी म्हणाला, "शेट, तुमचा पायगुण." शेट ओंजळभर प्यायला. पाणी गोड होतं.

सकाळी भागी पाण्याला गेली. हिरडा वेचणाऱ्या बायकांची ती म्होरकी, जिभेची तिखट. ती तशीच परत आली आणि हंडा शेटच्या पुढ्यात उपडा केला. त्यातून एक खडा पडला.

"झरा कुठाय, शेट?"

शेट धावत घळीत उतरला. खुंट कोरडे. झऱ्याच्या तोंडात हात घातला तर हाताला धूळ लागली, आणि ती कोमट होती. काल डोंगराने पाणी दिलं नव्हतं, डोंगर रिता झाला होता. शेट तिथेच बसला.

मागोमाग गाव आलं. काहींच्या हातात कुऱ्हाडीचे दांडे होते.

"झऱ्यावरची झाडं तोडलीस," सोनजी म्हणाला. कालचं 'तुम्ही' गेलं होतं.

"हात दाखव," शेट म्हणाला. "यातल्या एका बुंध्यावर कुणाचाही हात दाखव, मी मान पुढे करतो."

माणसं ओंडक्यांवर तुटून पडली. उलटेपालटे केले, साल चाचपली. हळद नाही, गेरू नाही, राख नाही.

"तू नाही उठवलास?" भागीने गावकराला विचारलं.

"मला वाटलं गुराखी उठवतील. गुरं तिथंच पितात."

"आम्हाला वाटलं बायका उठवतील," गुराखी म्हणाले. "हंडे त्यांचे."

"आम्ही हिरड्याला लावत बसलो," भागी म्हणाली. "ऐनाला कुठं हिरडा लागतो."

दांडे आपोआप खाली गेले. मध ज्याचा त्याचा होता, सावली ज्याची त्याची होती. पाणी सगळ्यांचं, म्हणून त्याला हातच नव्हता.

शेटला निघून जायला हीच वेळ होती. त्याची बाजू साफ होती, बैल जुंपलेले होते. पण कालच्या पाण्याची गोडी घशातून जाईना. तो भागीला म्हणाला, "दोनदा फिरलो गं बाय त्या झाडाभोवती. हात शोधत होतो. पायाखाली चिखल होता, तो नाही पाहिला."

गलबताचा कणा व्हायचा तो सोट त्याने घळीत आडवा टाकायला लावला, पुढचा पाऊस त्याच्याआड मुरावा म्हणून. आणि झरा पाझरेपर्यंत समुद्र बघणार नाही, असं बोलला. तिकडे गलबत कण्यावाचून राहिलं, सुतारांनी दुसरा व्यापारी धरला, शेटची वखार मोडली. इकडे तो खुंटांना फुटलेले कोंब गुरांपासून राखत बसला. भागी चार कोसांवरून पाणी आणायची, त्यातलं त्याला द्यायची. शिव्याही द्यायची.

दोघं म्हातारी झाली तेव्हा एका सकाळी ओंडक्याखाली ओल आली. शेटने तळहात टेकवला, तो भिजला. तोच हात पानाच्या चंचीतल्या चुन्यात बुडवून त्याने जवळच्या ऐनावर उठवला. गावाने विचारलं, दरसाल हा कुणी उठवायचा? आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"हेच ते," शेट म्हणाला. "तुमच्यातल्या कुणीच नको. परका येईल त्याच्याकडून उठवून घ्या. त्याचं या रानात काही अडलेलं नसतं."

आजही इथे तोड होते. लाकूड लागतं, घराला, नांगराला, सरणालाही. पण कुऱ्हाडीआधी परक्याचा हात. तो ओंडका आजही कुजलेला नाही आणि झराही पूर्वीसारखा झालेला नाही. पूर्वी मांडीएवढी धार होती, म्हणतात.

हा घ्या चुना. आज परके तुम्ही. झाड देखणं आहे म्हणून हात उठवू नका, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून सगळ्यांवरही नको. कोणतं झाड पाण्याला लागेल आणि कोणतं घराला, एवढा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. आम्ही सगळे मिळून तो एकदा चुकलो आहोत.