घागरीतली मोराची नाणी

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक विणकर आणि त्याची लेक राहत होती. गावाला मोठे तळे होते. ते गावकऱ्यांनी स्वतः खणले होते. तळे पहिल्यांदा भरले तेव्हा राजाने खूश होऊन प्रत्येक घराला चांदीचे एकेक नाणे दिले. साचा एक, वजन एक, सगळ्यांवर तोच मोर. पाटलाला वेगळे नाही की न्हाव्याला वेगळे नाही.

तेव्हापासून गावात एक रीत पडली. लग्नात दोन्ही घरांची नाणी तळ्याच्या पाण्याने भरलेल्या एकाच घागरीत टाकायची. मग नवरा-नवरीने हात घालून एकेक काढायचे. कुणाच्या हाती कुणाचे आले, हे विचारायचे नाही.

एके वर्षी गावात एक व्यापारी आला. त्याने अडल्यानडल्यांकडून काही नाणी विकत घेतली, चंदनाच्या डब्यांत रेशमावर बसवली, झाकणावर लाखेची मोहर उठवली आणि वर चिठ्ठी चिकटवली : 'उत्तम प्रत'. किंमत सांगितली वीसपट. लोक हसले. मग पाटलाने एक डबी घेतली आणि हसणे थांबले. हळूहळू देव्हाऱ्यातले उघडे नाणे पाहुण्यांना दाखवायची लाज वाटू लागली. लग्नातही डबी घागरीला नुसती टेकवून बाजूला ठेवू लागले. नाणे पाण्यात टाकायचे तर मोहर फोडावी लागणार, आणि मोहर फुटली की भाव गेला!

अशात विणकराच्या लेकीचे लग्न गावातच ठरले. विहीणबाई म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे, मला काही नको. पण नाणं मात्र डबीतलं हवं. आमच्या थोरल्या सुनेनं आणलंय. धाकटीनं उघडं आणलं, तर पाणवठ्यावरच्या बायका मला सोडतील होय?"

विणकराजवळ देण्याजोगा होता तो फक्त त्याचा माग. व्यापारी म्हणाला, "डबी आजच न्या. लग्न झालं की मी माग उचलीन. मन बदललं, तर मोहर न फोडता डबी परत करा, व्यवहार मोडला." आजवर एकही डबी परत आली नव्हती, म्हणून तो हे खुशाल सांगत असे.

"आबा, माग गेल्यावर तुम्ही काय करणार?" लेकीने विचारले.

"दुसऱ्याच्या मागावर बसेन. तू सुखात राहा म्हणजे झालं."

 पण लग्नाच्या सकाळी लेकीने देव्हाऱ्यातले नाणे पदराच्या गाठीला बांधले.

मांडवात घागर आली. विहीणबाईंनी आपल्या घरचे, तीस वर्षे पुजलेले नाणे आत टाकले. विणकराने डबी पुढे केली.

"टेकवा आणि ठेवा बाजूला," विहीणबाई म्हणाल्या.

नवरी हळूच म्हणाली, "आत्याबाई, पण घागरीत नाणं एकच. मग मी काय काढू?"

थोरली पटकन बोलून गेली, "मी नुसता ओला हात काढला होता!"

मांडवात खसखस पिकली. तेवढ्यात लेकीने पदराची गाठ सोडली आणि नाणे बापाच्या हातावर ठेवले.  विहीण रागावली, तर वरात इथूनच परत फिरेल. विणकराने दारातून दिसणाऱ्या मागाकडे पाहिले, लेकीकडे पाहिले आणि नाणे घागरीत सोडले.

"अहो, हे साधं नाणं!" विहीणबाई कडाडल्या. "चालायचं नाही. माझं मी काढून घेते." त्यांनी घागरीत हात घातला आणि दोन्ही नाणी बाहेर काढली.

दोन्ही ओली. दोन्हींवर तोच मोर. दोन्हींच्या पिसाऱ्यात तीच वर्षानुवर्षांची हळद. विहीणबाईंनी ती उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली.

"घ्या की, आत्याबाई. तुमचं असेल ते घ्या."

विहीणबाई घोटाळल्या. व्यापारी जवळच बसला होता. त्याच्यापुढे नाणी धरून त्यांनी विचारले, "यातलं चांगलं कुठलं हो?"

व्यापारी म्हणाला, "डबीशिवाय कसं सांगणार?"

 सर्वांत आधी हसल्या त्या विहीणबाईच. "तीस वर्षं पुजलेलं मलाच ओळखू येईना, तर पाणवठ्यावरच्या बायकांना काय डोंबल कळणार आहे!" त्यांनी दोन्ही नाणी घागरीत सोडली. "घाला रे पोरांनो हात. आणि विचारू नका कुणाचं ते!"

विणकराने डबी व्यापाऱ्यापुढे ठेवली. मोहर शाबूत होती, त्यामुळे व्यापाऱ्याच्याच शब्दाप्रमाणे व्यवहार मोडला. माग घरातच राहिला.

त्या संध्याकाळी थोरलीने विळीच्या टोकाने आपल्या डबीची मोहर फोडली. नवऱ्याला हाक मारली, घागर पुढे ओढली आणि राहिलेली रीत पुरी करून घेतली. त्या डबीत ती आता लवंगा ठेवते. त्यासाठी डबी खरोखरच उत्तम प्रतीची आहे.

तात्पर्य : डबी नाण्याला जपते, त्याचा कस वाढवत नाही. वेष्टनाचा भाव वस्तूच्या नावावर मोजू नये.