हत्ती घटकेवर ठेवला तेव्हा

वाटी बुडाली, टोल पडला, की शिवदेव गुरुजींचा पगार थांबायचा!

अंबापूरच्या राजेसाहेबांचा नियमच होता तसा. पाठशाळेच्या दारात पाण्याचं घंगाळ, त्यात बुडाशी बारीक भोक असलेली वाटी. वाटी पाण्यानं भरून बुडाली, की एक घटका झाली. जितक्या घटका गुरुजी वर्गात बोलले, तितक्याच घटकांचा पगार. गादीवरच्या चार पंडितांना मात्र बारमाही पगार, वर बसायला लोड. घटकेवरच्या गुरुजींना साधं बस्करसुद्धा नाही! सुट्टीचे दोन महिने तर त्यांनी काय वारा खायचा? वर दर वर्षी नव्या नेमणुकीसाठी दिवाणजींच्या दारात उभं राहायचं ते वेगळंच. सकाळी इथं शिकवायचं, दुपारी नदीपलीकडच्या पाठशाळेत पळायचं, तेव्हा कुठं घरात चूल पेटायची.

पोरांच्या पाट्या तपासायला जागा नाही, म्हणून गुरुजी हत्तीखान्याच्या ओट्यावर येऊन बसत. तिथंच माहुताची चिमा त्यांच्याकडून हिशेब शिकली. तेरा वर्षांची पोर, पण जीभ अशी की दिवाणजीसुद्धा वाट बदलून जात.

एक दिवस गुरुजी म्हणाले, "चिमाताई, दसऱ्यानंतर मी येणार नाही. मेहुण्याच्या दुकानात गूळ तोलायला जातोय. निदान रोज पोटाला तरी मिळेल."

चिमाचे डोळेच भरले. "गुरुजी, तुम्ही गूळ तोलणार? मग आम्हाला शिकवायचं कुणी?" एवढं बोलून ती जी तडक उठली, ती थेट दरबारात.

"महाराज, गुरुजी घटकेबाहेर कितीतरी काम करतात हो! उद्याचा धडा बसवतात, पाट्या तपासतात, अडलेल्या पोराला पुन्हा समजावतात. त्याचा पगार कुठाय?"

महाराज मोठे हट्टी. मिशीला पीळ देत म्हणाले, "मला नाही दिसत ते काम! जे दिसत नाही, त्याचा पगार नाही. तू दाखव. पण मी आसनावरून उठणार नाही, गुरुजींच्या घरी जाणार नाही, पाट्याबिट्या बघणार नाही. बसल्या जागी दिसलं पाहिजे! दसऱ्यापर्यंत मुदत."

दरबारी फिदीफिदी हसले. हसायला काय जातंय त्यांचं!

चिमा म्हणाली, "दाखवते. पण एक सांगा महाराज, हा घटकेचा नियम एकट्या गुरुजींना, की सगळ्यांना?"

"सगळ्यांना! माणूस असो की जनावर!" महाराज गरजले.

"मग आपला बलभद्र हत्तीसुद्धा घटकेवरच? तो तर वर्षातून एकदा, दसऱ्याला दोन घटका चालतो."

"घटकेवरच! जा आता!"

बोलून बसले महाराज. दिवाणजींनी कपाळाला हात लावला, पण शब्द गेला तो गेला.

दसरा उजाडला. सोनं लुटायला अख्खं गाव वेशीपर्यंत दुतर्फा उभं. सरदारांनी झूल घातली, अंबारी आवळली, महाराज ऐटीत वर बसले. पाठशाळेचं घंगाळ आणून त्यात वाटी सोडली आणि टोल पडला. माहुतानं टाच मारली, तर बलभद्र जागचा हलेना! समोर चिमानं उसाची मोळी टाकली होती आणि गडी निवांत कडाकडा खात होता.

"अगं, हे काय?" महाराज वरून ओरडले.

"न्याहारी, महाराज. सकाळपासून दिली नव्हती. त्याची घटका आत्ता सुरू झाली ना!"

तेवढ्यात चार बायका घागरी घेऊन आल्या. झुलीखाली कालचा चिखल तसाच होता. त्यांनी काथ्यानं पाय घासायला घेतले. बलभद्रला आली मजा, त्यानं सोंडभर पाणी घेऊन पाठीवर उडवलं. महाराजांचा नवा अंगरखा चिंब!

"अगं कार्टे, थांबव हे!"

"थांबवते. आंघोळ झाली, आता सराव!" चिमा पुढं होऊन म्हणाली, "बलभद्र, बस! ऊठ! बस! ऊठ!"

हत्ती खाली, महाराज खाली. हत्ती वर, महाराज वर! पागोटं एका कानावर आलं. लोक तोंडात उपरणं कोंबून हसत होते. महाराजांनी अंबारीचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि किंचाळले, "अरे, चारा, आंघोळ, सराव हे सगळं आधी करायचं असतं! त्याशिवाय हत्ती चालेल कसा?"

चिमानं हात जोडले. "तेच तर, महाराज! ते आधीचं काम आज मी सगळं घटकेत आणून ठेवलं. आसनावरून न उठता दिसलं ना तुम्हाला?"

घंगाळातली वाटी बुडाली, तरी टोल मारायचं कुणाला सुचलं नाही.

महाराजांनी ओलं पागोटं काढलं, पिळलं, आणि असे खदाखदा हसले, की अंबारी गदागदा हलायला लागली. "शाबास गं, माहुताच्या लेकी! दिसलं, चांगलं अंगावर येऊन दिसलं! उद्या दरबारात बघतो काय करायचं ते."

"उद्या?" चिमानं बाजूच्या गाड्याकडं बोट दाखवलं. "घाई नाही, महाराज. उसाच्या अजून अकरा मोळ्या आहेत."

"नको, नको! लिहून घ्या दिवाणजी, आत्ताच!" महाराज हसता हसता अंबारीतूनच हुकूम सांगू लागले. घटकेवरच्या सगळ्या गुरुजींना बारमाही पगार, सुट्टीतसुद्धा! पाठशाळेत त्यांना बसायला स्वतंत्र खोली, आणि दर वर्षी नेमणुकीसाठी दिवाणजींचे उंबरे झिजवणं बंद! इतकं भरभर दिवाणजींचा बोरू काही चालेना, म्हणून गर्दीतून शिवदेव गुरुजीच पुढं आले आणि डोळे पुसत पुसत त्यांनी तो हुकूम लिहिला.

मग महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चिमाकडं टाकलं. "आणि ही पोर उद्यापासून पाठशाळेत बसेल, पहिल्या रांगेत! आता तरी हलव गं तुझा हत्ती!"

चिमानं उरलेला ऊस उचलला आणि वेशीच्या दिशेनं चालू लागली. बलभद्र निमूट तिच्या मागोमाग निघाला.