गिरजाकाकूंचे पापड

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात गिरजाकाकू राहत. उन्हाळा आला की आळीतल्या बायका मिळून पाळीपाळीने एकमेकींच्या घरचे पापड लाटत. पण तिखट किती घालायचं, लाटायला कुणी बसायचं, सगळं काकूच ठरवत. सगळी आळी आपल्या मुठीत आहे, याचं त्यांना मोठं सुख वाटे.

एकदा नव्या नवरीने, कमळीने, वाळत घातलेले पापड न विचारता उलटले. काकूंनी दुपारभर तिला धारेवर धरलं. "मी सांगितल्याशिवाय वाळवणाला कुणी हात लावायचा नाही."

पुढे काही वर्षांनी काकूंच्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. रुखवताचे पापड अंगणात खाटांवर पसरून, बायकांना राखणीला बसवून, काकू शिंप्याकडे गेल्या. थोड्या वेळाने कमळी धापा टाकत तिथे आली.

"काकू, वारा सुटलाय. पापड उचलायचे का?"

"हे विचारायला इतक्या लांब आलीस?"

"मागं विचारलं नव्हतं, तर तुम्हीच..."

काकू तशाच घराकडे धावल्या. निम्मे पापड उकिरड्यात पडले होते, निम्मे बाभळीला लटकले होते. बायका खाली मान घालून ओळीने उभ्या होत्या. काकूंनी ओरडायला तोंड उघडलं, तोच त्यांची नजर त्या मानांवर गेली. या माना आपणच खाली घालायला लावल्या, हे त्यांना उमगलं.

काकू पायरीवर बसल्या आणि ओळीतल्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, "यमुना, आता काय करावं गं?"

काकूंनी कुणाला काही विचारलेलं आळीने प्रथमच ऐकलं. यमुना चाचरत म्हणाली, "माझ्याकडे उडदाचं पीठ आहे. उद्या परत लाटू."

"आणि मिरी जरा जास्त घालू," कमळी म्हणाली. "दरवर्षी कमीच पडते."

सगळ्यांनी चटकन काकूंकडे पाहिलं. मग काकूच खुदकन हसल्या. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

दुसऱ्या दिवशी लाटता लाटता गप्पांना ऊत आला. दुपारी पुन्हा वारा सुटला. काकू घरातून बाहेर येईपर्यंत बायकांनी खाटा उचलून ओसरीत आणल्यासुद्धा होत्या.

लग्नात विहीणबाईंनी पापड मागून मागून घेतले आणि चवीचं गुपित विचारलं. काकूंनी कमळीला हाताला धरून पुढे आणलं. "मिरी हिची आहे," त्या म्हणाल्या.

तात्पर्य: धाकात ठेवलेली माणसं हुकमाची वाट बघत बसतात, विश्वासाने जोडलेली माणसं वेळेला धावून येतात.