करंजाचे तेल

"हे दिव्यातलं तेल कुठलं, बाबा?"

इंजिनियर मनोहरपंत दिघे दर्ग्याच्या पायरीवर उभे होते. बूट त्यांनी काढले होते, नमस्कार मात्र राहून गेला होता.

"वास घे," म्हातारा फकीर म्हणाला.

मनोहरपंतांनी वाकून वास घेतला. करंजाचे तेल होते.

"इंजिनाचं नाही..."

"निराश झालास?"

मनोहरपंत खाली बसले. फाटकाबाहेर पोलीस शिपाई धोंडूचा दंड धरून उभा होता. धोंडू रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांना तेल घालायचा, आणि रोज संध्याकाळी इथे येऊन हा दिवा लावायचा.

"बेअरिंग तापून गाडी तीनदा वाटेत थांबली, बाबा. हा म्हणतो, तेल रोज घालतो. मग जातं कुठे? लढाईमुळे तेल चोरबाजारात सोन्यासारखं विकलं जातंय. मी याच्या तेलाच्या डब्यावर खूण केली. कपडे हुंगले. काही सापडलं नाही. म्हणजे मुरलेला चोर आहे."

"आता?"

"आता तुरुंग."

"तो स्वतः काय सांगतो?"

"सांगतो, पत्र्याआड तेलाचं भोक दिसत नाही. विमानांच्या भीतीनं कंदिलालाही काळा कागद लावलाय, म्हणून चाचपडत घालतो म्हणे."

"कसला पत्रा?"

मनोहरपंतांचा चेहरा उजळला. संस्थानचे ते इंजिन त्यांनी स्वतः सजवले होते. नाकापासून चाकांपर्यंत गुळगुळीत निळा पत्रा, माशाच्या अंगासारखा. वारा अडत नसे. चाके, दांडे, काजळी, काही दिसत नसे.

"लढाई सुरू झाली तशी इतर रेल्वेवाल्यांनी चाकांवरचे पत्रे उतरवले," ते म्हणाले. "उघडी पाडली बिचारी इंजिनं. मी नाही उतरवणार. एका चोरापायी?"



फकिराने दिव्याजवळची तेलाची वाटी पुढे सरकवली.

"माझी टाच फुटलीये. जरा तेल लाव."

त्याची लांब कफनी फरशीवर पसरली होती. पाय दिसत नव्हते. मनोहरपंत कफनीची कड उचलू लागले.

"अंहं. उचलायची नाही. छान दिसते."

मनोहरपंतांनी वाटीसकट हात आत घातला. चाचपडले. वाटी कलंडली. कफनीखालून तेलाचा ओघळ बाहेर आला आणि फरशीच्या फटीत जिरू लागला.

"टाच कोरडीच आहे," फकीर म्हणाला. "तेल कुठे गेलं?"

मनोहरपंत त्या फटीकडे बघत राहिले...

"साहेब," बाहेरून शिपायाने विचारले, "नेऊ ना याला चौकीवर?"

"नको... सोड त्याला." मनोहरपंत म्हणाले. "धोंडू, शेडमधून मोठा पाना काढून ठेव. चाकांवरचे पत्रे उतरवायचेत. मी आलोच."

ते उठू लागले.

फकिराने कफनी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाय पुढे केला.

"आता लाव."