राणी मेरेतने नदी उठवली

एक होती राणी. दूर इजिप्त देशात, पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी. नाव तिचं मेरेत. माहेरची नावाड्याची पोर, बरं का! राजाने हौसेने करून आणलेली. पण एकदा काय झालं, राजा तापाने गेला. मागे राहिली मेरेत आणि तिचं तान्हं बाळ.

मग प्रधान आला. म्हणाला, "राणीसाहेब, बाईमाणूस गादीवर कसं बसणार? राज्य मी बघतो."

राणी म्हणाली, "बाळ मोठं होईपर्यंत मीच बघणार."

आणि नेमका त्या वर्षी नदीला पूर आला नाही. तिकडे पाऊस नसतो हं! पूर येतो तेव्हाच शेतं भिजतात. प्रधान हसला. "राज्य करायचंय ना? मग आणा नदी!"

"आणते की!"

मग तिने बाळ पाठीशी बांधलं, लव्हाळ्याची होडी काढली नि निघाली उगमाकडे. वारा होता तोवर शीड लावलं. वारा पडला, मग वल्ही मारली. पाणी आटलं, मग खाली उतरून दोरीने होडी ओढली.

शेवटी एक गुहा आली. आत नदी झोपलेली. तिकडची नदी म्हणजे बाई नव्हे, बुवा! निळाशार, ढेरपोट्या म्हातारा. नुसता घोरतोय!

"उठा आजोबा, शेतं वाळली."

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. "मुकुट दे."

दिला.

"गळ्यातला हार दे."

तो राजाने घातलेला. राणीने डोळे पुसले नि तोही दिला.

"आता बाळ दे."

राणी ताठ उभी राहिली. "ते नाही मिळायचं. मुकुट माझा होता, हार माझा होता. बाळ माझं नाही, ते त्याचं स्वतःचं आहे. आणि आजोबा, माणसंच उरली नाहीत, तर तुम्हाला हाक कोण मारणार? पडा मग घोरत!"

म्हातारा हसला. इतका हसला, इतका हसला, की त्याच्या ढेरीतून पाणीच उसळलं! लाटेवर होडी, होडीत राणी, पाठीशी बाळ, थेट राजधानीपर्यंत!

काठावर लोक नाचत होते. प्रधान म्हणाला, "पण मुकुट कुठाय? मुकुटाशिवाय राणी कसली?"

तिथे एक म्हातारी कोळीण होती. ती म्हणाली, "अहो प्रधानजी, गुडघाभर पाण्यात उभे आहात. ते कुणी आणलं?"

सगळे खो खो हसले. प्रधानाने मान खाली घातली नि राणीला मुजरा केला.

मग मेरेत गादीवर बसली. शेतं पिकली, घरोघरी भाकऱ्या भाजल्या. बाळ मोठं झालं, राजा झालं. तरी काही अडलं की लोक यायचे ते राणीकडेच. सगळी पोटभर जेवायची नि गाढ झोपायची. मिटा बघू आता तुम्हीही डोळे. तू पण रे, लबाडा.