म्हणीचं दुसरं अर्धं

आफ्रिकेतल्या एका नदीकाठच्या गावात न्यायनिवाडा म्हणींनीच व्हायचा. मुखियाने म्हणीचं पहिलं अर्धं म्हणायचं आणि दुसरं अर्धं गावाने, अशी रीतच होती. पण आग्बेको मुखियाच्या डोक्यात हवा गेली. त्याने दवंडी पिटली, “गावात शहाणा मी एकटा, म्हणून म्हणीही माझ्याच. दुसऱ्या कुणी म्हण उच्चारली, तर गावाबाहेर काढीन!”

दुसऱ्याच दिवशी मासे धरायच्या जागेवरून दोन बडी घराणी भाले घेऊन समोरासमोर आली. मुखिया ऐटीत उठला. “दोन हत्ती झुंजले की...”

सगळं गाव गप्प.

“दोन हत्ती झुंजले की...” मुखियाला घाम फुटला. पुढचं त्याने जन्मात कधी म्हटलंच नव्हतं. तिकडे भाले वर उचलले गेले. “अरे, बोला की पुढचं!”

म्हातारी कुंभारीण अकुवी अदबीने म्हणाली, “महाराज, आमचं अर्धं कालच तुम्ही जप्त केलंत. तुमच्याकडेच असेल, नीट शोधा.”

“उठवली बंदी! बोला!”

तसं सगळं गाव एका सुरात गरजलं, “...तुडवलं जातं ते गवत!”

भाले खाली आले. मुखिया मात्र तोंडातल्या तोंडात ते दुसरं अर्धं पाठ करत होता.